रूटिनाइज म्हणजे काय?



आमचे गुरुजी दर सोमवारी फळ्याच्या कोपऱ्यात एक इंग्रजी शब्द लिहितात. शनिवारपर्यंत त्याचा अर्थ शोधून आणायचा, असा नियम आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिला शब्द आला तो 'रूटिनाइज'. त्याच्याविषयी मला जे समजले, ते या लेखात सांगते.

आधी शब्द फोडून पाहू. 'रूट' म्हणजे वाट. एसटीचा रूट आपल्याला माहीतच आहे. हा शब्द मूळचा फ्रेंच भाषेतला. त्यापासून 'रूटीन' झाले, म्हणजे रोजची मळलेली वाट, नित्यक्रम. त्याला 'आइज' हे शेपूट लावले की 'तसे करून टाकणे' असा अर्थ होतो. नॅशनल म्हणजे राष्ट्रीय, आणि नॅशनलाइज म्हणजे राष्ट्रीयीकरण करणे. 1969 साली आपल्या देशात 14 मोठ्या बँकांचे तसे राष्ट्रीयीकरण झाले. तेव्हा रूटिनाइज म्हणजे एखादे काम ठरलेल्या वेळी, ठरलेल्या क्रमाने करून नित्याचे करून टाकणे. स्पेलिंगमध्ये अमेरिकेत झेड लिहितात, इंग्लंडमध्ये बरेच जण एस लिहितात. अर्थ तोच.

मी हे घरी आजीला वाचून दाखवले. आजी म्हणाली, "अगं, मग अंगवळणी पाडणं म्हण की! त्याला एवढा मोठा शब्द कशाला?"

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना आजीचा अर्थ सांगितला. गुरुजी खूश झाले. पण म्हणाले, "अंगवळणी पडणं वेगळं आणि पाडणं वेगळं. रूटिनाइज म्हणजे पाडणं." म्हणजे हे सकर्मक क्रियापद आहे. कुणीतरी ते करावे लागते आणि कशाला तरी करावे लागते. 'दवाखान्याने तपासणी रूटिनाइज केली', 'कारखान्याने काम रूटिनाइज केले', अशी वाक्ये होतात. हा शब्द अहवालात आणि जाड पुस्तकांत आढळतो. इंग्रजी बोलणारी माणसेसुद्धा घरात सहसा तो वापरत नाहीत.

याचा एक जवळचा भाऊ आहे, स्टँडर्डाइज. त्याचा अर्थ सगळीकडे एकच प्रमाण ठरवणे. 1956 च्या कायद्यानंतर शेर आणि मण जाऊन किलो आणि क्विंटल आले, ते स्टँडर्डाइज करणे. जुलाब लागले तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात सपाट 6 लहान चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालायचे, हेही ठरवून दिलेले प्रमाण आहे. पण जुलाब होऊच नयेत म्हणून जेवणाआधी साबणाने हात धुण्याची सवय लावणे, हे रूटिनाइज करणे. आमच्या शाळेत खिचडीची घंटा झाली की आम्ही आपोआप नळाकडे वळतो. पहिलीत असताना बाईंना ओरडावे लागायचे. आता कुणी सांगत नाही.

इथपर्यंत मला वाटले की शब्द समजला. पण त्याची दुसरी बाजू पुढे कळली.

आमच्या वर्गात हजेरी क्रमांक 19 माझ्या मैत्रिणीचा आहे. दिवाळीनंतर तिचे आईवडील ऊसतोडीला गेले. धाकटा भाऊ लहान आहे, कोपीवर त्याला कोण सांभाळणार, म्हणून तीही गेली. पहिल्या दिवशी गुरुजींनी '19' म्हटले तेव्हा सगळा वर्ग तिच्या रिकाम्या जागेकडे बघायला लागला. पुढच्या आठवड्यात कुणीतरी नुसते 'गैरहजर' म्हणायचे. आणि एके दिवशी गुरुजींनी '19' म्हणताच मीच वहीतून मान वर न करता 'गैरहजर' म्हटले. पुढचा क्रमांक माझाच होता. त्याच दमात 'हजर' म्हणून मोकळी झाले.

गुरुजींनी हजेरीपट मिटला. म्हणाले, "बाळांनो, आज तुम्ही काय रूटिनाइज केलंत, कळलं का?"

कुणीच बोलले नाही. मला फार वाईट वाटले. ती माझ्याच शेजारी बसायची.

तेव्हा गुरुजींनी समजावले की या शब्दाला दोष दाखवणारा अर्थही आहे. ज्या गोष्टीचा रोज विचार व्हायला हवा, तीसुद्धा सवयीने नुसती उरकली जाते. हात धुणे सवयीचे झाले तर चांगलेच. पण एक मुलगी शाळेत नाही, हे सवयीचे होऊ देऊ नये.

त्या दिवसापासून आम्ही एक वही केली आहे. क्रमांक 19 आला की ज्याची पाळी असेल त्याने उभे राहायचे, काल तिचे काय बुडाले ते सांगायचे आणि त्या वहीत लिहायचे. गणिते, कविता, नकाशे, सगळे. वही निम्मी भरत आली आहे. ती परत आली की तिला देणार आहोत.

पालकांनो, तुम्हाला एक विनंती आहे. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मुले गावातच राहतात, त्यांच्या जेवणाची सोय होते आणि शाळा बुडत नाही. पुढच्या हंगामात गाडी भरण्याआधी एकदा गुरुजींना भेटा. दरवर्षी जातोच, पोरं बरोबर येणारच, असे अंगवळणी पडू देऊ नका.

आणि मित्रांनो, या सोमवारचा शब्द फळ्यावर लिहिलेला आहे. शोधायला लागा!

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी, हजेरी क्रमांक 20