सुट्टीतलं पुस्तक लेकराच्या मापाचं हवं

मे महिना लागला की आपल्या परभणीत दुपारी बारा ते चार रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. पारा ४२-४३च्या पुढं जातो, पत्रे तापतात आणि लेकरं घरात कोंडली जातात. मग एक तर भांडणं, नाही तर मोबाईल. म्हणूनच तुमच्यापैकी बऱ्याच जणी आम्हाला विचारतात, ‘‘सुट्टीत लेकरांना वाचायला काय द्यावं? मजाही यावी आणि चार गोष्टी शिकायलाही मिळाव्यात.’’ आज त्याबद्दलच बोलू या.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो. आमच्या गटातल्या एक ताई ऊसतोडीला जातात. मागच्या उन्हाळ्यात गावी परतल्यावर त्यांनी पाचवी झालेल्या मुलासाठी एक जाडजूड सामान्यज्ञानाचं पुस्तक विकत घेतलं. मजुरीतले पैसे बाजूला ठेवून घेतलं होतं. मुलानं दोन दिवस पानं चाळली, तिसऱ्या दिवशी पुस्तक कोनाड्यात गेलं. ताई वैतागून म्हणाल्या, ‘‘याला वाचायची आवडच नाही.’’ आम्हीही माना डोलावल्या. पुढं एकदा त्याच्या धाकट्या बहिणीचं दुसरीचं पुस्तक सहज त्याच्या हातात दिलं, तर तिथंही तो जोडाक्षरापाशी अडखळला. दोन हंगाम तो आईबापासोबत फडावर होता. वर्ग पुढं सरकत गेला, वाचन मागंच राहिलं. प्रश्न आवडीचा नव्हताच. पुस्तक त्याच्या मापाचं नव्हतं.

चप्पल घेताना आपण लेकराचा पाय बघतो, इयत्ता बघत नाही. पुस्तकाचंही तसंच आहे. माप कसं घ्यायचं, त्याची एक सोपी रीत आहे. पुस्तकाचं मधलंच एखादं पान उघडा आणि लेकराला मोठ्यानं वाचायला सांगा. अडलेल्या प्रत्येक शब्दाला त्यानं एक बोट मुडपायचं. पान संपेपर्यंत एकही बोट मुडपलं नाही, तर पुस्तक सोपं आहे. सोपं पुस्तक वाचण्यात काही वाईट नाही, त्यानं वाचनाचा वेग वाढतो. दोन-तीन बोटं मुडपली, तर पुस्तक अगदी बेतशीर आहे. पाचही बोटं मुडपून मूठ वळली, तर ते पुस्तक सध्या त्याला एकट्यानं वाचायला देऊ नका. तुम्ही वाचून दाखवा किंवा पुढच्या उन्हाळ्यासाठी ठेवा. चित्रांच्या लहानशा पुस्तकाला ही रीत लागत नाही, कारण त्यात पानावर दोनच ओळी असतात. तिथं लेकराचा चेहरा बघितला तरी कळतं.

ही परीक्षा नव्हे, एवढं ध्यानात ठेवा. चारचौघांत, पाहुण्यांसमोर, भावंडांसमोर हे करायचं नाही. एकदा का लेकराला लाज वाटली, की ते पुस्तकाच्या वाऱ्याला उभं राहत नाही.

आता कोणती पुस्तकं? नुकती वाचायला लागलेली किंवा मागं राहिलेली लेकरं असतील, तर चित्रं मोठी आणि वाक्यं छोटी हवीत. माधुरी पुरंदरे यांचा ‘राधाचं घर’ हा पुस्तकांचा संच त्यासाठी चांगला आहे. छोटी राधा आपल्या घरातल्या माणसांबद्दल सांगते. विषय घरचाच असल्यानं पुढचा शब्द काय असेल याचा अंदाज लेकराला येतो आणि वाचणं सोपं जातं. ‘‘एवढा मोठा झाला अन् चित्रांची पुस्तकं काय वाचतो,’’ असं मात्र म्हणू नका. चित्र हीसुद्धा वाचायची गोष्ट आहे.

भराभर वाचणाऱ्या लेकरांना साहस आवडतं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे, आजही मुलांना पळवत नेतो. पुढं काय झालं हे कळल्याशिवाय पुस्तक खाली ठेवावंसं वाटत नाही. अशा पुस्तकातून काय शिकायला मिळतं, असं काही जणी विचारतात. सलग शंभर पानं वाचायचा दम मिळतो, आणि तो शाळेच्या प्रत्येक विषयाला लागतो. ‘तोत्तोचान’ हे जपानी लेखिका तेत्सुको कुरोयानागी यांचं पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टनं मराठीत आणलं आहे. त्यातल्या शाळेचे वर्ग रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरतात. लेकरांनी वाचावंच, पण आपणही वाचावं असं ते पुस्तक आहे. खोडकर ठरवून शाळेतून काढलेल्या मुलीचं ऐकून घेणारे मुख्याध्यापक त्यात भेटतात.

आठवी-नववीच्या मुलामुलींसाठी वीणा गवाणकर यांचं ‘एक होता कार्व्हर’ आम्ही मुद्दाम सुचवतो. अमेरिकेत गुलामीत जन्मलेला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर पुढं मोठा कृषिशास्त्रज्ञ झाला. वर्षानुवर्षं कापूसच घेऊन तिथल्या जमिनीचा कस गेला होता. कार्व्हरनं शेतकऱ्यांना भुईमूग, रताळी, चवळी घ्यायला सांगितलं. कापूस आणि सोयाबीनच्या आपल्या मुलखातल्या लेकरांना ही गोष्ट परकी वाटत नाही. वाचून झाल्यावर त्यांना सांगा, आपल्या परभणीचं कृषी विद्यापीठही १९७२ पासून हेच काम करतं. ‘परभणी क्रांती’ ही भेंडीची जात तिथलीच. पुस्तकातली गोष्ट अशी आपल्या वावरापर्यंत आली, की ती डोक्यात पक्की बसते.

कवितेलाही विसरू नका. विंदा करंदीकरांची ‘एटू लोकांचा देश’ आणि ‘राणीची बाग’ ही पुस्तकं लहानांना हसवतात. कविता छोटी असते, त्यामुळं मागं राहिलेल्या लेकरालाही एक अख्खी गोष्ट वाचून संपवल्याचं समाधान मिळतं. आपल्या परभणीचे कवी इंद्रजित भालेराव यांच्या कवितांत शेतातले, घरातले आपलेच शब्द भेटतात. आपली बोली पुस्तकात छापलेली पाहून लेकराला वेगळाच धीर येतो.

विकत घेताना चार गोष्टी बघा. अक्षर ठसठशीत आहे का? शुद्धलेखनाच्या चुका नाहीत ना? प्रत्येक गोष्टीच्या शेवटी उपदेशाचा डोस तर नाही ना? आणि मुलगी फक्त भांडी घासताना आणि मुलगा फक्त झाडावर चढताना तर दाखवलेला नाही ना? निवड मात्र लेकरालाच करू द्या. तुम्ही पाच पुस्तकं समोर ठेवा, त्यातलं एक त्यानं उचलावं.

‘‘पण पैसे कुठून आणायचे?’’ हा प्रश्न खरा आहे. विकत न घेताही पुस्तकं मिळतात. शाळेला सुट्टी लागण्याआधी मुख्याध्यापकांना भेटा आणि शाळेच्या पेटीतली पुस्तकं सुट्टीपुरती मागून घ्या. चार आयांनी मिळून जबाबदारी घेतली, तर मागणीला वजन येतं. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. त्यामुळं तालुक्यालाच नव्हे, कित्येक गावांतही अनुदानावर चालणारी वाचनालयं आहेत. आपल्या गावात आहे का, ते कधी उघडतं, मुलांची पुस्तकं आहेत का, हे ग्रामपंचायतीत विचारा. कपाटाला कुलूप असेल, तर चार जणी जाऊन ते उघडायला सांगा.

बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं. त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी फुकट आहेत आणि सोप्याकडून अवघडाकडे अशा पायऱ्यांनी लावलेल्या आहेत. मागं राहिलेल्या लेकराला पहिल्या पायरीपासून सुरुवात करून द्या. म्हणजे घरातला मोबाईल रोज अर्धा तास आपल्या कामाचा होईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘‘मलाच वाचता येत नाही, मी काय शिकवू?’’ असं म्हणणाऱ्या मैत्रिणींनो, तुमच्याशिवाय हे काम होणार नाही. उन्हाळा म्हणजे वाळवणाचे दिवस. कुरड्या, शेवया, पापड करताना पाच-सहा बायका एकत्र बसतात. तिथं एका लेकराला मोठ्यानं गोष्ट वाचायला लावा. आपले हात कामात आणि कान गोष्टीत. ऐकणारं कुणी असलं, की वाचणाऱ्याला हुरूप येतो. आणि गोष्टी सांगायच्या म्हटलं तर आपण काय कमी आहोत? गंगाखेडच्या जनाबाईंचा वारसा आपला. आजीनं सांगितलेली गोष्ट लेकरानं वहीत लिहून काढली, तर घरचंच एक पुस्तक तयार होतं.

रात्रीसाठी आणखी एक बेत. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं. त्यात बेचाळीस रात्रींच्या गोष्टी आहेत, आणि आपली सुट्टीही साधारण सहा आठवड्यांचीच. जेवणं झाली, अंगणात बाज टाकली, की रोज एक रात्र वाचा. भाषा थोडी जुनी आहे, म्हणून मोठ्यांनी किंवा थोरल्या बहिणीनं वाचून दाखवावं. शाळा उघडेपर्यंत पुस्तक संपतं.

त्या थोरल्या बहिणीबद्दलही एक शब्द. सुट्टी लागली, की भाऊ लिंबाखाली आणि बहीण पाण्याला, धुण्याला, लहान्याला सांभाळायला, असं होतं. तिच्या नावाचा एक तास राखून ठेवा. त्या तासाला तिला कुणीही हाक मारायची नाही.

वाचून झाल्यावर ‘‘तात्पर्य सांग’’, ‘‘काय शिकलास सांग’’ असं विचारू नका. ‘‘तुला त्यात कोण आवडलं?’’ एवढं पुरे. तेच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचत असेल, तर वाचू द्या.

आमच्या त्या ताईंच्या मुलाचं काय झालं? मागच्या उन्हाळ्यात तो बहिणीला चित्रांची पुस्तकं वाचून दाखवू लागला. बहिणीसाठी म्हटल्यावर लाज वाटायचं कारणच उरलं नाही. जून उजाडेपर्यंत जोडाक्षरं सुटू लागली होती. सामान्यज्ञानाचं ते जाड पुस्तक अजून कोनाड्यातच आहे. पण परवा त्यानं ते खाली काढलं, एक पान उघडलं आणि बोटं मोजली. तीनच मुडपली होती.

तेव्हा मैत्रिणींनो, या सुट्टीत आधी लेकराचं माप घ्या, मग पुस्तक. तुमच्या घरी कोणतं पुस्तक आवडलं, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात त्याबद्दल बोलू. नमस्कार.