लाटेककडून वर्डकडे

लाटेक: डोनाल्ड नूथ यांच्या 'टेक' (१९७८) या अक्षरजुळणी प्रणालीवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८०च्या दशकात उभारलेली मार्कअप भाषा. मजकूर आणि आज्ञा एकाच साध्या फाइलमध्ये. सजलेले पान दिसते ते नंतर.

दृश्य संपादक: छापून येईल तसेच पान पडद्यावर. आद्य नमुना 'ब्राव्हो', झेरॉक्सची पार्क प्रयोगशाळा, १९७४. मायक्रोसॉफ्ट वर्ड १९८३चे.

सवय बदलताना

• 'सेक्शन' आज्ञेच्या जागी 'हेडिंग १' ही स्टाइल. अक्षरे नुसती मोठी आणि ठळक केली, तर ते शीर्षक आहे हे वर्डला कळत नाही. आपोआप बनणारी अनुक्रमणिका मुख्यतः या स्टाइलवरच चालते.

• आकृत्यांचे आणि प्रकरणांचे संदर्भक्रमांक म्हणजे फील्ड. बदलानंतर ते ताजे करायला सगळा मजकूर निवडून एफ९ दाबावे लागते.

• समीकरणे नव्या वर्डमध्ये लाटेकच्या पद्धतीनेही टंकता येतात.

• डॉकएक्स फाइल (२००७पासून) आतून मार्कअपचीच: झिप केलेले एक्सएमएल.