पालकातल्या जस्ताचा हिशेब

हायड्रोपोनिक, म्हणजे मातीविना पाण्यात वाढवलेला, पालक निकस असतो का, असं एका वाचकाने विचारलं आहे. तसं नाही. पाण्यात जे क्षार घालाल तेच मुळं घेणार, म्हणून तर आता त्या पाण्यात जस्त, आयोडीन, सेलेनियम वाढवून ‘समृद्ध’ पालेभाज्या पिकवण्याचे प्रयोग जगभर चालू आहेत.

यातलं जस्त रोपाला लागतंच हे पक्कं होण्यामागे अॅना सॉमर या संशोधिकेची चिकाटी आहे, आणि त्यांचं नाव कुणी घेत नाही याचं मला फार वाईट वाटतं. १८६० च्या सुमारास जर्मनीत झाक्स आणि क्नोप यांनी मातीविना, नुसत्या क्षारांच्या पाण्यात रोपं वाढवली. त्यात जस्त घातलेलं नसायचं, तरी रोपं जगायची. कारण जस्त चोरपावलांनी येतच होतं: क्षारांतल्या भेसळीतून, भांड्यांतून, बियांतल्या साठ्यातूनसुद्धा. पुढे जस्त लागतंच याचे कुणीकुणी पुरावे दिले, पण शंका मिटेनात. सॉमर यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात ही भेसळ निपटून काढली आणि १९२६ मध्ये लिपमन यांच्यासह दाखवून दिलं, की जस्त नसेल तर रोप खुरटतं. प्रसिद्धी मात्र मिळाली त्याच विद्यापीठातल्या गेरिके यांच्या पाण्यात वाढवलेल्या उंचच उंच टोमॅटोंना!

आता हिशेब. ‘समृद्ध’ पालकाच्या प्रयोगांतले आकडे बहुधा वाळलेल्या पानाचे असतात. समजा, किलोमागे १०० मिलिग्रॅम जस्त भरलं. पण पालकात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच! म्हणजे १०० ग्रॅम ताज्या भाजीत जेमतेम एक मिलिग्रॅम, आणि आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार पुरुषाला रोज हवं १७. त्यातही पोळी-डाळीतलं फायटेट बरंचसं जस्त आतड्यात अडवून धरतं. पाण्यात जस्त फार वाढवावं, तर ते लोहाच्या आड येतं. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

आयोडीन आणि सेलेनियम मायक्रोग्रॅममध्येच लागतात, तिथे वाटीभर भाजीनेही फरक पडतो. पण आयोडीन आपल्याला मिठातून मिळतंच. सेलेनियमच्या बाबतीत गरज आणि विषबाधा यांत अंतर थोडं. पंजाबात होशियारपूर-नवांशहर पट्ट्यातल्या काही गावांच्या मातीतच ते इतकं आहे, की तिथे जनावरांचे खूर आणि माणसांचे केस-नखं गळल्याच्या नोंदी आहेत. म्हणून पाकिटावर ताज्या पानातलं प्रमाण छापलेलं नसेल, तर ‘समृद्ध’ या शब्दासाठी जादा पैसे मोजू नयेत.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो उलटा उपयोग: क्षार वाढवण्याचा नव्हे, कमी करण्याचा. मूत्रपिंडाच्या रुग्णांना पोटॅशियम बेतानेच खावं लागतं, त्यामुळे कच्चा पाला बहुतेक बंदच होतो. जपानमध्ये लेट्यूस काढणीला येण्याआधी पाण्यातलं पोटॅशियम कमी करतात. रोप आधीच्या साठ्यावर भागवतं, काही कामं सोडियमवर निभावतं. फुजित्सूने आयझु-वाकामात्सूच्या चिप-कारखान्यातल्या निर्जंतुक दालनात असं लेट्यूस पिकवून २०१४ मध्ये विकायला आणलं. शेतात हे जमणं कठीण, कारण मातीने धरून ठेवलेलं पोटॅशियम काढणीच्या तोंडावर काढून घेता येत नाही.