रोमन अंकांची ओळख

घड्याळाची तबकडी, वर्गाच्या दारावरील पाटी, ग्रंथाच्या प्रस्तावनेची पाने आणि जुनी नाणी, अशा ठिकाणी रोमन अंक आपणांस वारंवार भेटतात. बारापर्यंतचे अंक घड्याळाच्या कृपेने बहुतेकांना तोंडपाठ असतात. परंतु पुढे गाडी अडते, आणि एखाद्या जुन्या इमारतीवर सन रोमन अंकांत कोरलेला असला, म्हणजे भलेभले डोके खाजवू लागतात. वस्तुतः ही पद्धती अर्ध्या तासात शिकण्याजोगी आहे.

रोमन लोकांनी अंकांसाठी वेगळी चिन्हे न योजता आपल्या लिपीतील सात अक्षरेच वापरली. आय म्हणजे १, व्ही म्हणजे ५, एक्स १०, एल ५०, सी १००, डी ५०० आणि एम १०००. (येथे आपण त्या अक्षरांची नावेच देवनागरीत लिहू, वाचकांनी वहीत मूळ अक्षरे मांडून पाहावीत.) पोर्तुगीज भाषेत शंभराला 'सें' व हजाराला 'मिल' म्हणतात. ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांच्या तोंडी ते शब्द अद्याप आहेत, त्यांना सी आणि एम लक्षात ठेवणे जड जाऊ नये.

पहिला नियम बेरजेचा. मोठे अक्षर आधी, लहान नंतर, आणि सर्वांची बेरीज. याचे उत्तम उदाहरण आपल्या डिचोली तालुक्यातच आहे. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराचे देवालय सोळाव्या शतकात पाडले गेले, आणि देव नदीपलीकडे नार्व्याला आणण्यात आला. तेथील देवालयाचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी करविला. त्या शिलालेखात शके १५९०, कार्तिक मास असा काळ दिलेला आहे. कार्तिकातील शकात ७८ मिळविले, की इसवी सन येतो. म्हणजे हे साल १६६८ होय. आता हे रोमन अंकांत लिहू. हजाराचा एम, पाचशेचा डी, शंभराचा सी, पन्नासाचा एल, दहाचा एक्स, पाचाचा व्ही, आणि उरलेल्या तिहींचे तीन आय. एम-डी-सी-एल-एक्स-व्ही-आय-आय-आय! सातही अक्षरे उतरत्या क्रमाने हजर आहेत. हे एक साल ज्याने ध्यानात ठेवले, त्याला रोमन अंकांचा सारा तक्ता पाठ झाला असे समजावे.

दुसरा नियम वजाबाकीचा, आणि तो आम्हां मराठी भाषिकांना परका नाही. आय, एक्स, सी ही अक्षरे एकापुढे एक तीनदाच लिहावयाची, असा संकेत आहे. व्ही, एल, डी तर कधीच दोनदा येत नाहीत. मग चार कसे लिहावे? पाचाच्या आधी एक ठेवून : आय-व्ही. नऊ म्हणजे आय-एक्स, दहाला एक उणा. आपण 'एकोणीस' म्हणतो, तेव्हा 'एक उणे वीस' असेच म्हणत असतो. एकोणतीस, एकोणचाळीस हेही तसेच. रोमन लोकांच्या लॅटिन भाषेतही एकोणिसाचे नाव 'विसाला एक कमी' याच अर्थाचे होते. गंमत पुढेच आहे. आपण एकोणनव्वद म्हणतो, पण एकोणशंभर म्हणत नाही, नव्याण्णव म्हणतो. रोमन अंकांतही शंभराच्या आधी एक ठेवून नव्याण्णव लिहिता येत नाहीत. कारण आय फक्त व्ही व एक्स यांच्या आधी, एक्स फक्त एल व सी यांच्या आधी, आणि सी फक्त डी व एम यांच्या आधी बसू शकतो. म्हणून नव्वदाचे एक्स-सी आणि नऊचे आय-एक्स, मिळून एक्स-सी-आय-एक्स.

(पुष्कळ घड्याळांवर चाराच्या जागी चार उभ्या रेघा दिसतात. ती चूक नव्हे. प्राचीन काळी दोन्ही प्रकार रूढ होते.)

कोणतीही संख्या लिहिताना ती हजार, शतक, दशक व एकक अशी फोडावी, आणि प्रत्येकाचे रूपांतर निरनिराळे करून ओळीने मांडावे. पेडणे तालुक्यातील हळर्णचा किल्ला पोर्तुगीजांनी १७४६ साली घेतला, आणि त्या विजयावरून त्यांच्या व्हाइसरॉयला हळर्णचा मार्क्विस ही पदवी मिळाली. १७४६ ची फोड : एम, डी-सी-सी, एक्स-एल, व्ही-आय. आता यातील एक्स आणि एल यांची अदलाबदल करून पाहा. चाळिसाचे साठ होतात, आणि साल १७६६ वर जाते! अक्षरे तीच, केवळ जागा बदलली, आणि इतिहास वीस वर्षे सरकला. जुना लेख उतरवून घेणाऱ्याने येथे डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे.

वाचताना रीत उलटी. डावीकडून निघावे, आणि प्रत्येक अक्षराची पुढच्याशी तुलना करावी. पुढचे मोठे असेल तर हाताशी असलेले वजा करावे, एरव्ही मिळवावे. एम-सी-एम-एल-एक्स-आय हे साल घ्या. एम हजार, नंतरच्या सी पुढे मोठा एम आहे, म्हणून नऊशे, मग पन्नास, दहा व एक. म्हणजे १९६१, गोवा मुक्त झाला ते वर्ष.

राजांचा अनुक्रम दाखविण्यासाठीही हे अंक येतात. १९०३ च्या पोर्तुगीज रुपयावर राजा कार्लुश याच्या नावापुढे आय आहे, म्हणजे कार्लुश पहिला. साल मात्र साध्या अंकांत आहे. ब्रिटिश रुपयांवर सातवा एडवर्ड व सहावा जॉर्ज असेच ओळखावे.

एवढी ही पद्धती डौलदार असूनही हिशेबाला ती सोयीची नव्हे. तिच्यात शून्य नाही आणि स्थानिक किंमतही नाही. अडतिसाला सत्तेचाळिसांनी गुणून पाहा, म्हणजे कळेल! भारतात उपजलेली दशमान पद्धती अरबांमार्फत युरोपात गेली, आणि इटलीतील फिबोनाची याने १२०२ साली ग्रंथ लिहून तिचा पुरस्कार केला. व्यापाऱ्यांनी ती हळूहळू उचलली. रोमन अंक शिलालेखांपुरते व शोभेपुरते उरले.

जाता जाता एक उदाहरण वाचकांसाठी. पेडणे महाल १७८८ साली पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला. ते साल रोमन अंकांत लिहा. आपल्या चार अंकांच्या जागी बारा अक्षरे भरली, तर उत्तर बरोबर आले असे समजा.