रस्त्याखालचे स्थानक आणि सूचनाफलकाची भाषा

मुंबईच्या कुलाबा-वांद्रे-सीप्झ मेट्रो मार्गावरील २७ पैकी २६ स्थानके भुयारी आहेत. बोगदा खणणारे यंत्र जमिनीखालून सरकते. रस्ता अडतो तो मुख्यतः स्थानकांमुळे, कारण त्यांपैकी बहुतेकांसाठी वरूनच खोदावे लागते. अशा वेळी गर्दीच्या ठिकाणी निम्मा रस्ता बंद करून कडेच्या भिंती उभारतात, खड्ड्यावर तात्पुरता पोलादी डेक टाकून वाहतूक त्यावरून नेतात आणि मग उरलेला भाग हाती घेतात. खाली खोदकाम चालूच राहते.

वाट टप्प्याटप्प्याने बदलते, म्हणून फलकही बदलावा लागतो. 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' यात सौजन्य आहे, माहिती नाही. 'रस्ता बंद करण्यात आला आहे' या रचनेत कर्ता लोपतो. तक्रार कोणाकडे करावी, हे कळत नाही. याउलट 'दुकाने चालू आहेत, वाट डावीकडून' या वाक्यावर पत्र्यांआडच्या दुकानदाराची त्या दिवसाची विक्री अवलंबून असते. बसथांबा कोठे हलवला, रुग्णवाहिका कोठून येईल, हा टप्पा केव्हा संपेल, हेही फलकाने सांगावे.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील एखादा सूचनाफलक उतरवून घ्या व त्यात कर्ता, स्थळ आणि मुदत आहे का, ते तपासा.