नाचणी ताटात, बियाणं घरात

भोर-वेल्ह्यात खाली खाचरात भात आणि वर डोंगरउतारावर नाचणी, वरई ही जुनी रीत. आता नाचणीची शेतं कमी होत चालली आहेत. पेरा थांबला की भाकरी जाते आणि चार-पाच वर्षांत घरातलं बियाणंही संपतं. म्हणून आरोग्याच्या पानावर आम्ही या वेळी बियाण्याबद्दल लिहीत आहोत.

१०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पॉलिशच्या तांदळात जेमतेम १०. वाढत्या मुलांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना ते हवंच. नाचणीतला एक घटक कॅल्शियम आणि लोह अंगी लागू देत नाही, पण मोड आणले की तो कमी होतो. आजीचं नाचणीसत्त्व असं शास्त्राला धरूनच आहे. मात्र रक्त कमी असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या बंद करू नका.

बियाण्याचंही तसंच. भरदार, निरोगी कणसं कापणीआधीच निवडायची, नीट वाळवायची, राख मिसळून ठेवायची, हे आपल्या माउल्यांना ठाऊक आहे. शास्त्र सांगतं की नाचणीत बहुतेक स्वपरागीकरण होतं, म्हणून घरचं बी वर्षानुवर्षं वाणाला धरून राहतं. पेरणीआधी १०० दाणे ओल्या फडक्यात ठेवा. आठवडाभरात ७५ हून जास्त उगवले तर बी चांगलं.

दोन्ही ज्ञानं एकत्र आली की काय होतं, हे आपल्या खाचरातच दिसतं. इंद्रायणी भात १९८७ मध्ये वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आला, आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून. शेतकऱ्यांनी आंबेमोहर पिढ्यानपिढ्या जपला नसता, तर शास्त्रज्ञांच्या हाती काय असतं? अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावरान बियाणं जमवलं, ‘बायफ’ संस्थेची साथ मिळाली आणि बियाणे बँक उभी राहिली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

घरचं बी राखण्याचा, पेरण्याचा, एकमेकांत वाटण्याचा हक्क २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला दिला आहे. तेव्हा महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीला घरातलं मूठभर बियाणं घेऊन या. वाणाचं नाव, तो कुठल्या जमिनीत येतो, किती दिवसांत तयार होतो, हे आजीला विचारा आणि शिकलेल्या मुलीने ते वहीत लिहून घ्यावं. आणि आठवड्यातून दोनदा तरी नाचणीची भाकरी करा. जे ताटात राहील, तेच शेतात राहील.