संगणक अकस्मात बंद पडण्याच्या समस्येचे निदान : सदोष ड्रायव्हरच्या विशेष संदर्भात

सारांश :
संगणक कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडू लागला की दोष वीज, व्हायरस किंवा जुनेपणावर ढकलला जातो आणि यंत्र 'फॉरमॅट' केले जाते. प्रत्यक्षात अनेकदा या बिघाडाचे मूळ सदोष ड्रायव्हरमध्ये असते. प्रस्तुत लेखात ड्रायव्हरचे कार्य, त्याच्या दोषाची लक्षणे व निदानाची क्रमबद्ध पद्धती यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : ड्रायव्हर, केंद्रक, निळा पडदा, मेमरी डंप, निदान.

प्रस्तावना :
१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहाही तालुक्यांत सातबारा, दाखले, प्रवेश अर्ज व परीक्षा अर्ज यांसाठी नागरिक आज संगणकावर अवलंबून आहेत. अर्जाच्या अंतिम दिवशी सेवा केंद्रातील एकच संगणक वारंवार बंद पडला, तर त्याची झळ रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला व विद्यार्थ्याला बसते. अशा वेळी कारण न शोधता केलेली दुरुस्ती म्हणजे 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' असा प्रकार होय. म्हणून निदानाची शास्त्रीय पद्धती समजून घेणे आवश्यक ठरते.

ड्रायव्हर : संकल्पना व कार्य :
कार्यप्रणाली व यंत्रसामग्री यांच्यातील दुभाषा म्हणजे ड्रायव्हर होय. ग्राफिक्स कार्ड, वायफाय, ध्वनी, बोटांचे ठसे घेणारे यंत्र अशा प्रत्येक घटकाशी संगणक ड्रायव्हरच्या माध्यमातून बोलतो. सामान्य प्रोग्रॅमला स्वतःपुरती मर्यादित स्मृती मिळते. तो चुकला तर केवळ तोच बंद पडतो. परंतु अनेक ड्रायव्हर कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे केंद्रकात, सर्वाधिकारासह चालतात. तेथे एखाद्या ड्रायव्हरने आपल्या हक्कात नसलेल्या स्मृतीला स्पर्श केला, तर माहितीची अधिक हानी होऊ नये म्हणून विंडोज स्वतःच काम थांबवते. हाच तो परिचित 'निळा पडदा'. विंडोज ११ मध्ये २०२५ पासून त्याची पार्श्वभूमी काळी करण्यात आली, तरी त्याचा अर्थ बदललेला नाही.

२००१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी लिनक्सचा अभ्यास केला. केंद्रकाच्या अन्य भागांच्या तुलनेत ड्रायव्हरमध्ये काही प्रकारच्या चुकांचे प्रमाण ३ ते ७ पटींपर्यंत अधिक असल्याचे त्यांना आढळले. ड्रायव्हर अनेक निर्माते लिहितात आणि यंत्रांच्या असंख्य जोडण्यांमध्ये प्रत्येकाची कसून चाचणी होऊ शकत नाही, ही पार्श्वभूमी येथे लक्षात घ्यावी लागते.

बिघाड अनियमित का भासतो? :
सदोष ड्रायव्हर प्रत्येक क्षणी चूक करत नाही. दोन कामे विशिष्ट क्रमाने एकमेकांना छेदली, किंवा मोकळी केलेली स्मृती पुन्हा वापरली गेली, तरच दोष प्रकट होतो. त्यामुळे यंत्र कधी दोन दिवस सुरळीत चालते, तर कधी तासाभरात तीनदा बंद पडते. ही अनियमितता वरवरची असून तिच्यामागे निश्चित कारण असते.

लक्षणांवरून प्राथमिक भेद :
१) निळा पडदा न दिसता यंत्र एकदम बंद होणे : वीजपुरवठा, एसएमपीएस किंवा अतिउष्णता यांचा संशय घ्यावा. उन्हाळ्यात व विजेचा दाब कमीजास्त होत असताना ही शक्यता प्रथम तपासावी.
२) प्रत्येक वेळी वेगळा त्रुटी-संकेत व वेगळ्या फाइलचे नाव येणे : रॅम सदोष असण्याची शक्यता अधिक.
३) तोच संकेत, तीच फाइल आणि विशिष्ट कृतीनंतरच बिघाड : ड्रायव्हरचा संशय बळावतो.

निदानाची पद्धती :
प्रथम पायरी म्हणजे पुरावा जपणे. विंडोज सामान्यतः बिघाडानंतर आपोआप पुन्हा सुरू होते आणि संकेत वाचण्यापूर्वीच पडदा नाहीसा होतो. 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' या विभागातून स्वयंचलित पुनरारंभ बंद करावा व 'स्मॉल मेमरी डंप' हा पर्याय निवडावा. यानंतर बिघाडाच्या क्षणाची नोंद विंडोजच्या 'मिनीडंप' फोल्डरमध्ये साठते. फॉरमॅट केल्यास हा सर्व पुरावा नष्ट होतो. शिवाय तोच ड्रायव्हर पुन्हा बसवल्यास रोगही परत येतो.

दुसरी पायरी नोंदींच्या वाचनाची. 'इव्हेंट व्ह्यूअर'मधील क्रमांक ४१ ची नोंद संगणक नीट बंद झाला नव्हता एवढेच सांगते. क्रमांक १००१ च्या 'बगचेक' नोंदीत त्रुटी-संकेत मिळतो. 'रिलायबिलिटी मॉनिटर' दिवसवार आलेख दाखवतो. पहिल्या बिघाडाच्या आधी कोणता ड्रायव्हर वा अद्यतन बसवले गेले, हे त्यावरून ताडता येते.

तिसरी पायरी डंप फाइलच्या विश्लेषणाची. 'विनडीबीजी' हे मायक्रोसॉफ्टचे विनामूल्य साधन त्यासाठी उपलब्ध आहे. येथे एक सावधगिरी हवी : ज्या फाइलचे नाव दिसते ती नेहमीच अपराधी नसते. एका ड्रायव्हरने बिघडवलेली स्मृती दुसऱ्याने वाचली, की दुसराच पकडला जातो. म्हणून एका डंपवर निर्णय न देता तीन-चार डंप ताडून पाहावेत.

चौथी पायरी वगळून पाहण्याची. 'सेफ मोड'मध्ये मोजकेच ड्रायव्हर चालतात. तेथे बिघाड थांबला तर संशय दृढ होतो. समजा, रिसोडच्या एखाद्या सेवा केंद्रात ठसायंत्र जोडल्यावरच संगणक बंद पडतो. तर ते यंत्र काढून, आहे त्याच रॅम व वीजपुरवठ्यावर दोन दिवस काम करावे. नंतर निर्मात्याच्या संकेतस्थळावरील ड्रायव्हर बसवून पुन्हा पाहावे. एका वेळी एकच बदल करावा, अन्यथा कोणत्या उपायाने गुण आला हे कळत नाही. अद्यतनानंतर बिघाड सुरू झाला असल्यास 'डिव्हाइस मॅनेजर'मधील 'रोल बॅक ड्रायव्हर' वापरावा.

एवढ्याने उलगडा न झाल्यास 'ड्रायव्हर व्हेरिफायर' हे विंडोज २००० पासून उपलब्ध असलेले साधन वापरावे. ते निवडलेल्या ड्रायव्हरवर मुद्दाम ताण देऊन लपलेली चूक उघड करते. परंतु त्यामुळे संगणक सुरू होतानाच वारंवार बंद पडू शकतो. म्हणून माहितीची प्रत आधी काढून ठेवावी आणि सेफ मोडमधून हे साधन बंद करण्याची रीत माहीत असावी.

१९ जुलै २०२४ ची घटना :
केंद्रकातील चूक किती व्यापक ठरू शकते, हे या दिवशी जगाने अनुभवले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक अद्यतन पाठवले. तिचा केंद्रकात चालणारा घटक २१ माहिती-घटकांची अपेक्षा करत होता, प्रत्यक्षात २० च मिळाले. अस्तित्वात नसलेली जागा वाचण्याच्या प्रयत्नात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले. मुंबईसह देशातील विमानतळांवर प्रवाशांची नोंदणी हाताने करावी लागली. चुकीची फाइल ७८ मिनिटांत मागे घेण्यात आली. तथापि, असंख्य संगणक सेफ मोडमध्ये नेऊन ती फाइल हाताने काढावी लागली. येथे बिघाड एकाच वेळी सर्वत्र घडल्याने कारण लवकर सापडले. एकट्या संगणकावरील अधूनमधूनचा बिघाड मात्र संयमानेच शोधावा लागतो.

निष्कर्ष :
१) अकस्मात बिघाड हा योगायोग नसून त्याला शोधता येण्याजोगे कारण असते.
२) वीज, उष्णता व रॅम वगळल्यानंतरच ड्रायव्हरवर दोष ठेवावा.
३) अनोळखी पेनड्राइव्हवरील ड्रायव्हर-संचाऐवजी निर्मात्याचाच ड्रायव्हर वापरावा.
४) प्रत्येक बिघाडाची तारीख, वेळ व त्या वेळी सुरू असलेले काम साध्या वहीत लिहून ठेवावे. निदानाचे सर्वांत स्वस्त साधन तेच होय.

ग्रामीण भागात संगणक ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. म्हणूनच त्याचा रोग ओळखण्याचे ज्ञान तालुका पातळीवरील संगणकचालकांपर्यंत व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचणे ही काळाची गरज आहे.